फोटोचा फ्रॉक

एका गावात एक मिशनचं बोर्डिंग होतं, आणि त्या बोर्डिंगातल्या पत्र्याच्या पेटीत एक फाटका फ्रॉक होता. खांद्याला उसवलेला, पोटावर तांबडं ठिगळ. तो कुणा एकीचा नव्हता. सगळ्या मुलींचा होता.

बोर्डिंगात अनाथ आणि गरीब मुली शिकत. शाळा तिथंच, रविवारी धर्मशिक्षणाची शब्बाथ शाळा तिथंच, जेवणही तिथंच. प्रत्येक मुलीच्या शिक्षणाचा भार बाहेरगावचा एकेक पालनकर्ता उचले. त्याला दर नाताळाला मुलीचा फोटो पाठवायचा, असा नियम होता. फोटोच्या दिवशी सुपरिंटेंडेंट भांबळ सर ती पेटी उघडत. एकेक मुलगी धुतलेला युनिफॉर्म उतरवी, तो फ्रॉक घाली आणि भिंतीपाशी उभी राही. लहानीला तो पायघोळ व्हायचा, मोठीला दंडात काचायचा.

"हसू नको गं! दात झाक," सर ओरडत. मग फ्रॉक पुढचीच्या अंगावर.

हेच सर दर रविवारी खोटं बोलू नका असं शिकवत. मोठ्या माणसांना असलं जमतं.

मिर्याम नववीत होती. तिला आईबाप नव्हते. तिचे पालनकर्ते थोमा ओहोळ, दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. माणूस नेमानं चर्चला जाणारा, पण महासंशयी. साखरेच्या डब्याला आतून खूण करून ठेवायचा. प्रार्थनेला सगळे डोळे मिटत, तेव्हा हा एक डोळा किलकिला ठेवून दारातल्या चपलांवर लक्ष ठेवायचा. मिर्यामचा फोटो मात्र वर्षामागून वर्ष त्याच फाटक्या फ्रॉकात आला, तरी त्याला कधी शंका आली नाही. उलट बरं वाटायचं. पोर खरंच गरजू आहे म्हणून.

एका वर्षी चर्चमध्ये कापणीच्या सणाला पंगतीत ओहोळांच्या शेजारी सगुणाबाई नर्स बसल्या. त्याही त्याच बोर्डिंगातल्या एका मुलीच्या शिक्षणाचा भार उचलत. त्यांनी पिशवीतून फोटो काढला.

"बघा ओहोळमामा, माझी रिबका. अंगावर धड कपडा नाही हो लेकराच्या."

ओहोळांनी खिशातून आपला फोटो काढला. तेच ठिगळ. तोच उसवलेला खांदा.

"नर्सबाई, ही पोर एक आहे की दोन?"

"तोंडं वेगळी आहेत की!"

"तोंडाचं काय सांगता? तोंड कुणाचंही उभं करतील."

दुसऱ्याच दिवशी नर्सबाईंचाही फोटो घेऊन ओहोळ न कळवता बोर्डिंगात हजर. पाहतात तर मुलींचे युनिफॉर्म स्वच्छ, वेण्यांना तेल, मिर्याम मैदानात लंगडी घालतेय. त्यांनी दोन्ही फोटो टेबलावर आपटले. "हा काय धंदा आहे, भांबळ?"

सरांना घाम फुटला. घाबरलेला मोठा माणूस आधी लहान माणसाला पुढं करतो. त्यांनी मिर्यामला हाक मारली.

"हिचाच चावटपणा, साहेब. दया यावी म्हणून फाटकं घालते, दुसरीलाही शिकवते. होय ना गं?" आणि हळूच तिच्या कानाशी, "हो म्हण. नाहीतर सगळ्याच जणींची शाळा सुटेल."

"खोटारड्या पोरीला मी शिकवणार नाही," ओहोळ म्हणाले. "बोल."

शाळा सुटली तर मिर्यामला चुलत्याकडं वीटभट्टीवर जावं लागणार होतं. तिला ते माहीत होतं. ती आत गेली, पेटीतला फ्रॉक आणि आपली वही घेऊन आली आणि फ्रॉक फोटोंच्या शेजारी ठेवला.

"हा माझा नाही. सर आम्हा सगळ्यांना हा घालायला लावतात."

ओहोळांचा चेहरा उजळला. "मला ठाऊकच होतं! जगात कुणाचा भरवसा नाही."

"थांबा आजोबा, अजून झालं नाही." तिनं वहीतून एक जुनं कार्ड काढलं. "मी पाचवीत असताना माझा पहिला फोटो गेला. तुम्हीच पाठवलेला निळा फ्रॉक घातला होता मी, आणि हसत होते. त्यावर तुमचं हे उत्तर आलं, आणि तेच हातात देऊन मला चुलत्याकडं धाडलं. वाचू? 'पोर चांगली खातीपिती दिसते. हिला मदत कशाला? चौकशी होईपर्यंत मदत बंद.' तीन महिने मी भट्टीवर विटा वाहिल्या. मग सरांनी हा फ्रॉक शोधला. फाटक्या फ्रॉकातला फोटो गेला आणि आठवड्यात तुमची मदत आली. तेव्हापासून सगळ्या मुलींना हाच. खोटं सरांनी केलं, आजोबा. पण मागितलं तुम्ही."

ओहोळांनी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. अक्षर त्यांचंच होतं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसानं स्वतःवर तेवढा कधी घेतला नव्हता.

"मदत चालू राहील," ते पुटपुटले.

"तुमचा विश्वास बसत नसेल तर कधीही या, डोळ्यांनी बघा. पण मला भिकारी दिसायला लावू नका."

भांबळ सर जमिनीकडं बघत राहिले. त्या दिवशी मुलींसमोर त्यांना मान वर करता आली नाही, आणि ते बरंच झालं.

ओहोळ काही एका दिवसात सुधारले नाहीत. जाता जाता स्वयंपाकघरात शिरून त्यांनी वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलंच.

मुलींनी त्या फ्रॉकची फळा पुसायची फडकी केली. नाताळाला ओहोळांना नवा फोटो आला. मिर्याम युनिफॉर्ममध्ये, हातात तांबड्या ठिगळाचं फडकं, सगळे दात दिसताहेत. ओहोळांनी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला. मग खिळा शोधला आणि भिंतीवर लावला.

तात्पर्य: लेकराला शिकवायचं असेल तर त्याच्याकडं दैन्याचा पुरावा मागू नका. त्याचं हसू पाहून जो हात आखडतो, त्याला लोक रडकं तोंडच दाखवतात. आणि मग फसलो म्हणून ओरडण्याचा हक्क त्याला उरत नाही.