साळूबाईंचं लिहायचं टेबल

फार पूर्वी, जंगलात अजून कुणीच पुस्तक लिहिलं नव्हतं तेव्हा, साळूबाई साळिंदरणीनं कंदमुळांच्या पाककृती लिहून काढायचं ठरवलं. लेखण्या तर अंगावरच होत्या. राहता राहिलं टेबल, ते सुतारपक्ष्यानं आंब्याच्या फळीचं करून दिलं. साधं, चार पायांचं.

टेबल बिळात आलं आणि पाठोपाठ शेजारी आले.

घुबड म्हणालं, "तोंड पूर्वेलाच हवं, नाहीतर विद्या टिकत नाही."

मोर म्हणाला, "छे, दाराशी ठेवा. तुम्ही लिहिताय हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको?"

मुंगूस म्हणालं, "चुलीपाशी बरं. लिहितालिहिता भाजी करपणार नाही."

साळूबाईंनी कुणाचंच मन मोडलं नाही. टेबल रोज बिळभर फिरलं. अखेर पूर्वेचा कोपरा पक्का झाला, तर पितृपंधरवडा लागला. त्या दिवसांत नवं काम कुणी सुरू करतं का? त्यांनी टेबलावर चादर घातली आणि दसऱ्याचा मुहूर्त धरला.

दसऱ्याला टेबलाला हळदकुंकू वाहून साळूबाई बसल्या. पाठीवरचा एक काटा उपटला, पहिली ओळ लिहायला कोपर टेकलं, आणि अख्खं टेबल भुसा होऊन खाली आलं. भुशातून एका वाळवीनं डोकं वर काढलं.

"अगं मेले, हे कधी खाल्लंस?" साळूबाई ओरडल्या.

"रोज थोडं थोडं," वाळवी तोंड पुसत म्हणाली. "आम्हाला दिशा कळत नाही हो, साळूबाई. टेबल आलं, तशा कामाला बसलो."