सातमुसळीचे खैर

आमच्या कुसरोलीच्या तळ्याकाठी कातळात सात उखळं कोरलेली आहेत आणि बांधावर खैराची सात जुनी झाडं. चोरून मसलत करणाऱ्यांना इतर गावांत कंपू म्हणतात, तेही नाक मुरडून. आमच्याकडे 'सातमुसळी' म्हणतात, आणि मानाने म्हणतात. ते का, एवढंच सांगते.

असे सांगतात, की वरच्या गडाच्या किल्लेदाराला नवा बुरूज बांधायचा होता. दगडांसाठी त्याची नजर या बांधावर गेली. बांध फुटला असता तर तळं गेलं असतं, आणि तळ्यामागे गावही. पुरुष सगळे गडावर वेठीला. चौघे एकत्र दिसले तरी पाठीवर कोरडे बसायचे. गडाचं भात मात्र इथे सात बाया कांडायच्या. मुसळांच्या आवाजात त्यांचं बोलणं कुणाला कळत नसे.

"किती ती बडबड?" पहाऱ्यावरचा शिपाई हटकायचा.

"तोंड थांबलं की हात थांबतो, दादा," त्या सातांतली येसाई म्हणायची. "मग वर जेवायला उशीर."

एका सकाळी सातही मुसळं तळ्याच्या तळाशी गेली. बांधाला हात न लावण्याचं वचन मिळेपर्यंत कांडणार नाही, असं बायांनी सांगून टाकलं. शिपायांनी ओल्या लाकडाची नवी मुसळं केली आणि स्वतः कांडलं. अर्धा कोंडा, अर्धी कणी, आणि तळहातांना फोड. तिसऱ्या दिवशी किल्लेदार उपाशी पोटी खाली उतरला.

"हे आधी कुणाच्या डोक्यात आलं?"

"माझ्या," येसाई म्हणाली. "माझ्या," शेजारची म्हणाली. सातही जणी तेच म्हणाल्या.

मग त्याने येसाईच्या नवऱ्याला, धाकूला, बांधून समोर उभं केलं. "खरं नाव सांग, याला सोडतो."

येसाईने धाकूकडे पाहिलं. धाकू म्हणाला, "सांगू नकोस. मलासुद्धा नको."

एकीला शिक्षा करावी तर कुणाला, आणि सातही जणींना करावी तर कांडणार कोण? पाचव्या दिवशी किल्लेदाराने तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, बांधाला हात लावणार नाही असं वचन दिलं आणि धाकूला सोडलं. पुढे जन्मभर धाकूने बायकोला ते नाव विचारलं नाही म्हणे. उन्हाळ्यात पाणी हटलं, तेव्हा त्या वाळक्या मुसळांना पालवी फुटलेली होती. ती बांधावर आणून लावली, तेच हे खैर.

आजही आमच्याकडे लग्नाची हळद कांडताना सात जणी एकाच मुसळाला हात लावतात. सातही हात बसेपर्यंत बाकीचा मांडव पाठ फिरवून उभा राहतो. पहिला हात कुणाचा, ते नवरीच्या आईनेही पाहायचं नसतं.