हार घातलेली सायकल

“...पण ब्रेक बदलले, तर ती माझ्या वडिलांची राहील का, बुवा?”

अवधूतबुवा वाकून हेरंबच्या सायकलचं मागचं चाक फिरवून बघत होते.

कऱ्हाडजवळच्या आपल्या लहानशा मठातून बुवा दर हिवाळ्यात सायकलवरून कोकणात उतरत. यंदा सोबत एकाला नेणार होते. तो एक आपणच असावं, असं हेरंब सबनीसला फार वाटत होतं.

हेरंब कॉलेजात तर्कशास्त्र शिकवी आणि रोज याच काळ्या, जडशीळ सायकलवरून जाई. लहानपणी हिच्याच कॅरिअरवर बसून तो शाळेत गेला होता. ‘पाय लांब धर रे,’ हे वडिलांचं रोजचं वाक्य अजून कानात होतं. ते गेल्यापासून त्याने सायकलचा एक नटसुद्धा बदलला नव्हता. त्याचा त्याला कोण अभिमान!

“सांगाडा दणकट आहे,” बुवा उठत म्हणाले. “उगाच महागड्या नव्या सायकलच्या नादी लागू नकोस. मागे गिअरचं चाक घाल, सीट बदल, की झालं. पण हे ब्रेक घेऊन घाटात? अरे, रबराचं लाकूड झालंय!”

“मी जपतो तिला, बुवा. दर दसऱ्याला धुतो, पुसतो, हार घालतो.”

“वडीलही घालायचे?”

“हो तर! आधी ब्रेकचे रबर नवे टाकायचे, तेल घालायचे, आणि मग...”

हेरंब अडखळला.

पण हार मानेल तो हेरंब कसला! भिंतीला टेकवलेल्या बुवांच्या सायकलकडे त्याने बोट केलं.

“ती कुणाची?”

“माझ्या गुरूंची.”

“टायर तर कोरे दिसतात.”

“परवाच घातले.”

“गिअर?”

“घाट चढवेना, तेव्हा बसवले.”

“हँडल?”

“पाठ दुखायला लागली. उंच घेतलं.”

“निदान सांगाडा तरी?”

“पुरात गेला. दुसरा आणला.”

वर्गात एखाद्याला पेचात पकडावं तसा हेरंब हसला.

“मग तुमच्या गुरूंचं हिच्यात उरलं काय, बुवा?”

बुवांनी धोतर वर खोचलं. सायकल काढून रस्त्यावर आणली.

“चल, रबर घेऊन येऊ. निघायचंय ना दोघांना? बस मागे.”

“मी? डबलसीट?” हेरंब दचकला. “अहो, विद्यार्थी बघतील! आणि कॅरिअर मोडलं म्हणजे?”

“तेही नवंच आहे.”

इकडेतिकडे बघत हेरंब बसला. सायकल जराशी डुलली, मग सरळ झाली. पुढे उतार होता.

मागे वळून न बघता बुवा म्हणाले,

“पाय लांब धर रे.”