ग्रहणातला टाका

पाखरं माणसांसारखी बोलायची, त्या काळातली गोष्ट. उंबराचं पान शिवून शिंपीण पक्षिणीनं घरटं केलं होतं. अंडं घालायच्या दिवशीच घरट्याची कड उसवली. तिनं कापसाचा धागा चोचीत धरला, तोच पूर्वेला पुनवेचा चंद्र उगवला, तो अर्धा काळाच!

"थांब गं बाई!" शेजारची साळुंकी ओरडली. "गिराण लागलंय. पोटुशीनं टाका घातला तर पिल्लू फाटक्या चोचीचं निपजेल!"

शिंपीण टाका घालता घालता थांबली. टाका घालावा तर पिल्लाची चोच फाटणार, न घालावा तर अंडं खाली पडणार.

खालून म्हातारं कासव म्हणालं, "पोरी, मागं बघ. सूर्य तिकडं बुडतोय, चंद्र इकडं उगवतोय, मध्ये आपली धरती. तिचीच सावली पडलीय चंद्रावर."

"पण सावली बाधते ना, आजोबा?"

"उंबराची सावली दिवसभर तुझ्या अंगावर होती. काय बाधलं?"

शिंपिणीनं टाका घातला. अंडं आलं. पुढं बारा दिवस तिला घास गेला नाही. तेराव्या दिवशी कवच तडकलं, तेव्हा तिनं डोळेच मिटून घेतले.

पिल्लानं अख्खी चोच उघडून भुकेचा असा कालवा केला, की पहिला किडा साळुंकीच घेऊन धावली.