गोलातला गुंडू आणि मामांची फळी

एका गावात एक भोळा गोलकीपर होता. नाव गुंडू. अंगानं एवढा, की दारात उभा राहिला तर घरात अंधार व्हावा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. गावाचं दुखणं तेच होतं.

गुंडूचे मामा हिंदुराव पलटणीत होते. तिथल्या ओळखीवर त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांची फुटबॉल स्पर्धा भरवली. नेपाळ, भूतान, श्रीलंकेहून एकेक संघ, चौथा गावच्या तालमीचा. तालमीनं सात वर्षांत एकही कप आणला नव्हता. मामांनी मात्र या खेपेला तालमीत सागवानी फळी आधीच ठोकून घेतली. हिच्यावर कप बघितला की मी डोळे मिटायला मोकळा, म्हणायचे.

पहिल्या दिवशी सरावात मामांनी सांगितलं, हात पसरून उभं राहायचं, कुणाला आत शिरू द्यायचं नाही. संध्याकाळी नेपाळचे खेळाडू शाळेत उतरायला आले. दारात गुंडू, हात पसरून. बिचारे पटांगणातच पिशव्यांवर बसले. मामा धावत आले. लेका, पाहुणा आला की बाजूला सरावं, हसून आत घ्यावं, म्हणाले.

बरं, म्हणाला गुंडू.

दुसऱ्या दिवशी नेपाळशीच सामना. त्यांचा पोरगा चेंडू घेऊन गोलापाशी आला. गुंडू बाजूला सरला, हसला, "या, या" म्हणाला. असं त्यानं चौघांचं स्वागत केलं. बाकीच्यांनी जिवाचं रान करून पाच गोल मारले, म्हणून तालीम निभावली. मामांनी कपाळ बडवलं आणि शिकवलं, समोरून आलं की झडप घालून पोटाशी धर, मी सांगेपर्यंत सोडू नको.

बरं, म्हणाला गुंडू.

तिसऱ्या दिवशी भूताननं श्रीलंकेला हरवलं. चौथ्या दिवशी अंतिम सामना. आधी आमदारसाहेब रांगेतल्या खेळाडूंशी हात मिळवत आले. गुंडूनं झडप घातली. मामा नारळ आणायला गेले होते. ते येईपर्यंत साहेब गुंडूच्या पोटाशीच होते.

शिट्टी व्हायला आली होती. मामा घाईघाईनं म्हणाले, "गुंड्या, आता हातात काही बी आलं तरी धरून बसू नको. लाथ घाल. पार पलीकडच्या टोकाला गेलं पायजे."

आणि काय सांगावं, या खेपेला जमलं. शेवटच्या मिनिटाला गुंडूनं चेंडू असा हाणला, की भूतानच्या गोलकीपरच्या डोक्यावरून थेट जाळ्यात. एक-शून्य. हलगी कडाडली. मामा पोरासारखे रडले.

मग आमदारसाहेबांनी जरा लांबूनच हात पुढं करून कप गुंडूच्या हातात दिला.

गुंडूनं लाथ घातली.

कप उन्हात चमकत पार पलीकडच्या टोकाला गेला. तिथं भूतानचा गोलकीपर मान खाली घालून बसला होता. त्यानं झडप घालून कप पोटाशी धरला. त्याच्याही गावात कुणी मामा असावेत. त्यांनी सोड म्हटलं नाही, म्हणून त्यानं गाडी सुटली तरी सोडला नाही.

संध्याकाळी मामा रिकाम्या फळीखाली बसले होते. गुंडू हळूच शेजारी येऊन टेकला.

"मामा, गेला ना टोकाला? का अजून जोर लावायला पायजे होता?"