गुरुजींच्या मिशीतला पेढा

एकदा एक शिष्या आपल्याच गुरुजींवर पाळत ठेवू लागली.

हे शोभणारे नव्हे, हे तिलाही ठाऊक होते. शिष्याने गुरूच्या चरणांकडे पाहावे असे थोर लोक सांगून गेले आहेत. तीही चरणांकडेच पाहत होती, फक्त ते कोणत्या गल्लीत वळतात एवढ्यासाठी.

शिष्येचे नाव धुरपदा. तिची आई नगरीच्या वेशीवर दूध तपासायला बसे. पहाटे गवळ्यांच्या घागरी उतरत, आणि आई प्रत्येक घागरीतला एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेई. थेंब टिकला तर घागर आत, ओघळला तर घागर परत. धुरपदा आठव्या वर्षापासून आईच्या शेजारी बसून हेच करत आली होती. बारा वर्षे लोकांच्या दुधावर संशय घेत वाढलेली मुलगी. तिचा विश्वास बसावा तरी कशावर? देवळातला अंगारासुद्धा ती आधी चिमटीत घेऊन हुंगून पाही, कोणत्या चुलीतला आहे याची खात्री करी आणि मगच कपाळाला लावी. पुजारी तिला लांबून पाहिले की दुसऱ्या दाराने आत जाई.

गुरुजी चावडीमागच्या दोन खोल्यांत राहत आणि येईल त्याला शिकवत. वय फार, उजवा गुडघा निकामी, मिशी मात्र भरघोस. वैद्यांनी गोड खाणे बंद केल्यापासून त्यांची गोडावरची श्रद्धा दुणावली होती.

आता पाळतीचे कारण सांगितले पाहिजे. नदीपलीकडे एक विद्यापीठ होते. तिथे दरवर्षी फक्त बारा जणांना प्रवेश मिळे. परीक्षा नसे. शिक्क्याचा एक कागद येई, त्यावर दोन प्रश्न: ‘तू कोण?’ आणि ‘आमच्याकडे कशासाठी?’ प्रत्येक उत्तर जास्तीत जास्त शंभर शब्दांचे. एकशे एकावा शब्द आढळला की कागद न वाचताच बाजूला. त्यासाठी तिथे शब्द मोजणारा एक विद्वान पगारावर ठेवलेला होता, आणि तो म्हणे दुसरे काहीच करत नसे. विद्वानांना अशी कामे मिळतात.

आदल्या वर्षी धुरपदाने अर्ज धाडला होता. एक ओळ परत आली: ‘पत्र मिळाले. लिहिणारी मिळाली नाही.’ धुरपदाने पहिला संशय होडीवाल्यावर घेतला, दुसरा शाईवर. होडीवाला महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

यंदा शेवटची संधी होती. विसाव्या वर्षानंतर अर्ज घेत नसत. आईनेही सांगून ठेवले होते, “यंदा झालं तर झालं. नाहीतर दसऱ्यापासून माझा पाट तुझा. माझी नजर आता थेंब आणि नख यात फरक करत नाही.” म्हणजे एकतर नदीपार, नाहीतर जन्मभर वेशीवरचा पाट.

म्हणून सोमवारी सकाळी तिने दोन्ही उत्तरे साध्या कागदावर लिहून गुरुजींना दाखवली. गुरुजींनी वाचली, मान डोलावली, “सुरेख,” म्हणाले, कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि दुपारी घराबाहेर पडले. दिवेलागणीला परत आले तेव्हा खिसा रिकामा होता.

“गुरुजी, माझा कागद?”

“पुन्हा लिही,” गुरुजी म्हणाले आणि जीभ फिरवून मिशी साफ केली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. आणि मंगळवारी मिशीच्या डाव्या टोकाला पेढ्याचा कण होता.

हे तुमच्या-आमच्या नजरेस आले असते तर आपण म्हणालो असतो, म्हाताऱ्याने खाल्ला असेल एखादा. धुरपदाने तो कण पाहिला आणि तिचे बारा वर्षांचे शिक्षण जागे झाले. तेलाच्या व्यापाऱ्याचा मुलगाही यंदा अर्ज करणार होता, हे साऱ्या नगरीला माहीत होते. शेठनेच दवंडी पिटावी तसे सांगितले होते. धुरपदाने दोन्हींची सांगड घातली. गुरू माझ्या उत्तरांच्या बदल्यात पेढे खातो आहे! तिने वेशीवरच्या दूध-चिठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सोमवारपासूनची रोजची नोंद लिहायला घेतली. उद्या पंचांपुढे उभे राहायची वेळ आली तर पुरावा हवा.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी होडी अर्ज घेऊन सुटणार. शिक्क्याचा कागद अजून कोराच, कारण गुरुजी रोज ‘पुन्हा लिही’ म्हणत आलेले. त्या दिवशीचाही कागद त्यांनी खिशात घातला आणि लंगडत निघाले. धुरपदा वीस पावले मागे. गुरुजी पानवाल्यापाशी थांबले की ती भिंतीला चिकटे. पानवाल्याने विचारले, “काय गं, गुरुजींनी चोरी केली की काय?” तिने नुसते बोट ओठांवर ठेवले. पानवाल्याला दिवसभर पुरेल एवढा विषय मिळाला.

गुरुजी थेट तेलाच्या शेठच्या घरात शिरले. धुरपदा खिडकीखाली तेलाच्या रिकाम्या बुधल्यांच्या आड बसली. आतून शेठचा आवाज आला, आणि त्या आवाजात तिचे स्वतःचे शब्द:

“‘बालपणापासूनच मला ज्ञानाची अनिवार तृष्णा आहे. ज्ञानाचा दीप हाती घेऊन समाजाचा अंधकार दूर करावा...’ वा, गुरुजी, वा. मंगळवारच्यापेक्षा जास्त गोड उतरलंय. घ्या, अजून एक पेढा घ्या.”

धुरपदा उठली, पदर खोचला आणि सरळ आत जाऊन हात पुढे केला.

“शेठ, माझा कागद.”

शेठने तिच्याकडे पाहिले. “तुझा? अगं दूधवालीच्या पोरी, हा आमच्या चिरंजीवाचा आहे. माझ्या पोराची भाषा मी ओळखत नाही होय?”

“अक्षर बघा की. माझं आहे.”

“अक्षराचं काय, कोणाकडूनही उतरवून घेतलं असेल त्यानं. शब्द त्याचेच आहेत. थांब.” शेठने कपाटातून दुसरा कागद काढला आणि तिच्यासमोर धरला. धुरपदाने वाचला. ‘बाल्यावस्थेपासून मला ज्ञानाची अत्यंत तृष्णा आहे. ज्ञानाची ज्योत हाती घेऊन...’

दीपाच्या जागी ज्योत होती. बाकी सगळे तेच.

“चोरलंय,” धुरपदा म्हणाली. मग गुरुजींकडे वळली. “तुम्ही चोरून दिलंय. पेढ्यांवर.”

गुरुजींनी हातातला पेढा खाली ठेवला नाही. “शेठ, तुमच्या मुलानं हे लिहिलं कधी?”

“गेल्या महिन्यात. मी शेजारी बसून लिहून घेतलं.”

“आणि धुरपे, तू?”

धुरपदाने मनात दिवस मोजले. तिने सोमवारी लिहिले होते. म्हणजे हिशोबाने चोर तीच ठरत होती.

“सोमवारी मी तुझा कागद कासाराकडे नेला,” गुरुजी म्हणाले. “एवढंच विचारलं, हे कोणाचं असावं? त्याची बायको म्हणाली, आमच्या मुलीचं, आणि लाडू दिला. बुधवारी पुजाऱ्यानं त्याच्या पुतण्याचं म्हणून ठेवून घेतलं. काल वैद्यबुवा वाचता वाचता रडले, नातवाचं म्हणून. त्यांनी स्वतःच्या हातानं मला शिरा भरवला. पाच दिवसांत एकही कागद परत मिळाला नाही. ज्याच्या घरी न्यावा त्याचाच निघतो.”

शेठ आपल्या मुलाच्या कागदाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

पण धुरपदा सहजासहजी मानणाऱ्यातली नव्हे. “हे तुम्ही आत्ता रचलंय,” ती म्हणाली. “माझ्याकडे नोंद आहे. पाळत ठेवलीय मी तुमच्यावर.” आणि तिने कनवटीच्या चिठ्ठ्या काढून शेठसमोर, साक्षीदार म्हणून, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘सोमवार. माझे परमपूज्य आदरणीय गुरुजी दुपारी बाहेर पडताना उजवा पाय आधी टाकतात. एरवी डावा टाकतात, कारण उजवा गुडघा दुखतो. म्हणजे जिथे जातात तिथे दुखणे विसरायला लावणारे काही आहे. मंगळवार. मिशीत पेढा. वैद्यांनी गोड बंद केले आहे. रंगाने हिरवट. कल्हई उडालेल्या पितळेत आटवलेले दूध असे होते. नगरीत कल्हईवाल्याला दारातून परत पाठवणारे एकच घर आहे, तेलाच्या शेठचे. बुधवार. आकाश कोरडे असताना छत्री घेऊन गेले, छत्री विसरून आले. माझा कागद विसरले नाहीत, तो मुद्दाम ठेवून आले. गुरुवार. मला बघून हसले, मी काही विचारण्यापूर्वीच पुन्हा लिही म्हणाले. घागर उतरवण्याआधी गवळीही असेच हसतात. पण पाणी घातलेल्या गवळ्याचे डोळे हसत नाहीत आणि गुरुजींचे हसतात. हे मला अजून उलगडत नाही.’”

शेठने पेढ्याचे ताट हळूच मागे सारले.

“शेठ,” गुरुजींनी विचारले, “हे कोणाचं असावं?”

“कोणाचं म्हणजे काय,” शेठ चिडून म्हणाले, “हिचंच. दुसरं कोण लोकांच्या भांड्यांची कल्हई बघत फिरतं?”

“आणि, धुरपे, नदीपलीकडे तुला जायचंय कशाला?”

“लिहिलंय की त्या कागदावर.”

“तो शेठच्या मुलाचा आहे. तुला कशाला जायचंय?”

धुरपदा वैतागली होती, म्हणून तिला नटवायला सुचले नाही. “थेंब नखावर टिकतो हे मला दिसतं. का टिकतो ते माहीत नाही. एकाच गाईचं दूध, दोन भांडी, एकातलं फाटतं, एकातलं नाही. आईला विचारलं तर म्हणते, फाटतं म्हणून फाटतं. तिकडं कोणालातरी माहीत असेल.”

“मग हे का लिहिलं नाहीस?”

“हे काय लिहायचं?” धुरपदा म्हणाली. “हे तर खरंच आहे.”

यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. पेढा संपवण्यात तेवढा वेळ गेला, असे शेठने नंतर सांगितले. शेठच्या सांगण्यावर किती जायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

मग गुरुजी म्हणाले, “बाळ, माणूस स्वतःबद्दल लिहायला बसला की पहिलं काम कोणतं करतो? आपल्याला वगळतो. दुसऱ्या कोणाला तरी बघून लाजल्यासारखं स्वतःला आत कोंडतो आणि दारात पाहुण्यांसाठीची सतरंजी अंथरतो. ती सतरंजी साऱ्या गावात एकसारखी असते. तुझ्या नखावर गवळ्यांची काय तारांबळ उडते ते मी बारा वर्षं बघतोय. हे उत्तर जरा त्या नखावर ठेव. टिकतं की ओघळतं?”

धुरपदाने शेठच्या हातातल्या कागदाकडे पाहिले. मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

“ओघळतं,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “तुम्ही मला हे सोमवारीच सरळ सांगायचं होतं. पाच दिवस फुकट गेले.”

“सोमवारी सांगितलं असतं, तर मंगळवारी तू ‘मी स्वतःला कसे ओळखले’ यावर सुंदर शंभर शब्द आणले असतेस. माझ्यावर संशय घेताना मात्र तुला सुंदर लिहायची आठवण राहिली नाही.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम मिशी पुसली नाहीत?”

गुरुजींचे डोळे हसले. “त्याबद्दल मी काही सांगणार नाही. पेढे मात्र मनापासून खाल्ले.”

होडी सुटायला थोडाच अवकाश होता. धुरपदाने शेठच्याच दौत-टाकाने, शेठच्याच ओसरीवर, बरोबर आणलेल्या शिक्क्याच्या कागदावर ‘तू कोण?’ याखाली पाळतीची नोंद उतरवली. मोजले तर शब्द भरले एकशे तीन. तिने पुन्हा वाचले, कपाळाला आठी घातली, आणि ‘माझे’, ‘परमपूज्य’, ‘आदरणीय’ हे तीन शब्द खोडले.

गुरुजी खांद्यावरून वाकून बघत होते. “बरं झालं,” ते म्हणाले, “तेवढंच पाणी होतं.”

दुसऱ्या प्रश्नाखाली तिने फाटणाऱ्या दुधाचे लिहिले. तेहतीस शब्द झाले. उरलेली जागा कोरी ठेवताना तिचा हात दोनदा दिव्याकडे, म्हणजे ज्ञानाच्या दीपाकडे, वळला. दोन्ही वेळा तिने तो आवरला. मग ती घाटाकडे पळाली.

पुढच्या आठवड्यात तेलाच्या शेठच्या दारात कल्हईवाला सकाळपासून भाता फुंकत बसलेला लोकांनी पाहिला. शेठचा मुलगा त्याच्याशेजारी उकिडवा बसून, कथील पितळेवर कसे पसरते ते बघत होता, आणि हाक मारली तरी उठत नव्हता. शेठनेही दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

महिन्याभराने होडीवाल्याने धुरपदाच्या हाती एक कागद ठेवला आणि सुरक्षित अंतरावर जाऊन उभा राहिला. त्यावर लिहिले होते: ‘लिहिणारी मिळाली. आमच्या भटारखान्यातल्या दुधाबद्दल आम्हांसही बरेच दिवस शंका आहे. पहिल्या होडीने यावे.’

धुरपदाने ते दोनदा वाचले. मग कागद उन्हात धरून शिक्का तपासला. अक्षर गुरुजींचे तर नाही ना, ते पाहिले. शेवटी तो नाकाशी नेऊन हुंगला. पेढ्याचा वास नव्हता. नुसता नदीचा होता.

तेव्हा कुठे तिने तो कपाळाला लावला.