वाकड्या काडीचे सोनेरी तुरे

डोंगरापलीकडे, जिथे दमलेले ढग छपरांवर येऊन बसतात, अशा एका थंडगार गावात बकुळा नावाची चिमुरडी मुलगी आईबरोबर राहायची. गावाभोवती हेझलची हिरवीगार झुडपं होती. आई त्यांच्या लवचिक काड्यांच्या इवल्याशा परड्या विणायची, मोठाल्या टोपल्या विणायची, बाळांचे पाळणेसुद्धा विणायची. पण त्या हिवाळ्यात तिची बोटं अशी आखडली, की साधी काडी वाकवता येईना. टोपली नाही तर भाकरी कुठून येणार? बकुळा ती गार बोटं आपल्या तळव्यांत धरून चोळत बसायची आणि आईचं लक्ष नसताना हळूच डोळे पुसायची.

त्यांच्या घरची एक रीत होती. सरळ काडी विणायला, वाकडी चुलीला. एका संध्याकाळी चुलीत सारायला बकुळाने मोळीतली काडी उचलली आणि पाहते तर काय! काडी इकडे वळलेली, तिकडे पिळलेली, नाचता नाचता मध्येच थबकलेली. आणि टोकाला एक हिरवा कोंब, मोहरीएवढा, अजून जिवंत.

"अगं बाई, तुला कशी जाळू मी?" बकुळा म्हणाली. चूल विझायला आली होती, तरी ती काडी ओंजळीत घेऊन ती परसात धावली.

तोच त्या पिळातून एक परी अलगद खाली उतरली. अंगठ्याएवढी, पोपटी झग्याची, पंखांवर पिवळी चमचम.

"माझं घर वाचवलंस, बकुळे," परी म्हणाली. "ही काडी मी तुमच्या परसातल्या जुन्या हेझलच्या बुंध्यावर कलम करून बसवून देते. हिला सोनेरी तुरे आले की तुझी एक इच्छा पुरी होईल. पण अट ऐक हं. मूळ दुसऱ्याचं आहे, ते आपले सरळ फुटवे वर पाठवत राहील. ते कोवळे असतानाच माती उकरून बुडापासून ओढून काढायचे. वरवर कापलेस तर पुन्हा फुटतील. आणि वाढू दिलेस, तर माझी वाकडी उपाशी मरेल."

"काढीन गं, परीताई! नक्की काढीन!"

वसंत आला. वाकडीला चुण्याचुण्यांची इवली पानं फुटली. बकुळा शेजाऱ्यांच्या शेळ्या राखायची, त्यावर दोघी कशीबशी गुजराण करत होत्या. आणि एक दिवस बुंध्यातून सरळसोट, तुकतुकीत फुटवे वर आले. बकुळा ते उपटायला वाकली, इतक्यात आई दारात आली.

"अगंऽ, थांब! केवढ्या सुरेख काड्या! वाढू देत त्यांना. माझी बोटं बरी झाली ना, की यांचीच पहिली टोपली." आणि आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

बकुळाचा हात तिथेच थांबला. आईचं हसू कसं मोडायचं? तिने फुटवे राहू दिले. ते भराभर वाढले, कमरेला लागले, खांद्याला लागले. त्यांच्या दाट सावलीत वाकडी पिवळी पडत गेली. एका सकाळी बकुळाने पानं बाजूला करून पाहिलं, तर परी फांदीला टेकून बसली होती. तिच्या पंखांवर चमचम उरली नव्हती.

बकुळा रडत आईकडे गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"मग आधी का नाही सांगितलंस, बकू?"

"तू हसलीस ना, म्हणून."

आईने पदर खोचला. "चल. तू माती उकर, मी ओढते."

"तुझ्या बोटांनी?"

"बोटांनी नाही, तर मनगटाने."

दोघी खाली बसल्या. एकेक सरळ फुटवा बुडापासून निघाला. आई ओढताना कळवळत होती, पण तिने एकही मागे ठेवला नाही. सगळ्या काड्या तिने जपून पडवीत वाळत घातल्या.

ऊन मिळताच वाकडी पुन्हा तरारली, फांद्या फुटून तिचं झुडूप झालं. हिवाळ्यात पानं गळली. बर्फ पडलं. आता झुडपाचे सारे पीळ, सगळी वेटोळी उघडी दिसू लागली आणि येणारे जाणारे कुंपणाशी थांबून पाहू लागले. मग एका लख्ख सकाळी प्रत्येक वाकड्या फांदीवर सोनेरी तुरे लोंबत होते! वाऱ्याने हलले की सोन्याची भुकटी बर्फावर सांडत होती. त्यांच्या मधोमध परी झोके घेत होती.

"माग बकुळे, काय हवं?"

"आईची बोटं बरी कर. मला तिच्या हातची वेणी हवी आहे."

परी खुदकन हसली. तुरे एकदम उजळले, परसात पिवळाधमक उजेड भरला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. दारात उभी असलेली आई आपल्या हातांकडे पाहत होती. एक बोट हललं. मग दुसरं. मग सगळीच.

पडवीतल्या काड्या तशाच राहिल्या. आईने आधी फणी आणली, बकुळाला पुढ्यात बसवलं आणि तीन पेड घातले. सवय मोडली होती, पेड निसटत होते. वेणी बरीच वाकडी आली.

"सोडून पुन्हा घालू का गं?" आईने विचारलं.

"नको," बकुळा म्हणाली. "अश्शीच राहू दे."